खोट्या लग्नाची खरी धवलेरी

“मी नाय गाणार,” सोमीआजी म्हणाली आणि मांडीवरचं तांदळाचं सूप तिने उचलून बाजूला ठेवलं.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. पालघरकडच्या मासवणच्या पुढे, नदी ओलांडून आत गेल्यावर एका वारली पाड्यात आमचं शूटिंग होतं. मांडव उभा होता. कॅमेरा ट्रायपॉडवर चढला होता. रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर ऊन फेकायचे चंदेरी फलक, धरून दोघे जण कधीचे ताटकळत होते. नवरीच्या वेशात आमची नायिका तयार, नवऱ्याच्या वेशात एक नट तयार, आणि वऱ्हाड म्हणून अख्खा पाडा जमलेला. फक्त जिने लग्न लावायचं तीच हात झटकून बसली होती.

मी या मालिकेची निर्माती. आयुष्यातली पहिली मालिका, आणि तिचा पहिलाच भाग.

माझी थोडी ओळख द्यायला हवी. सत्तरच्या दशकात माझ्या नवऱ्याला तारापूरच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि आम्ही सांगलीहून बोईसरच्या कॉलनीत राहायला आलो. कॉलनीच्या गणपतीत मी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. पुढे हौशी नाटकं, मग स्पर्धा, मग मुंबईची व्यावसायिक नाटकं. पंधरा वर्षं मी रंगमंचावर काढली. त्यातली दहा नायिका म्हणून. मग हळूच नायिकेच्या आईच्या भूमिका यायला लागल्या आणि एका नाटकात तर चक्क मावशी. मावशी झाल्यावर मी ठरवलं की आता दुसऱ्याने दिलेल्या भूमिकेची वाट बघत बसायचं नाही. टीव्ही तेव्हा घराघरात शिरत होता. आपण मालिका काढायची.

लोक हसले. नाटकातले लोक जास्त हसले. “तुला साधा मेकअप रूमचा वाद मिटवता येत नाही, तू युनिट काय सांभाळणार,” असं एका ज्येष्ठ नटाने मला चारचौघांत ऐकवलं होतं. ते मी विसरले नव्हते. अशा गोष्टी मी विसरत नाही, तो माझा स्वभाव आहे.

तेव्हाची पद्धत अशी होती. आधी पायलट करायचा. पायलट म्हणजे नमुन्याचा पहिला भाग. तो टीव्ही केंद्रात नेऊन द्यायचा, तिथले अधिकारी बघणार, पसंत पडला तर तेरा भागांची मंजुरी मिळणार. आमचा पायलट सोमवारी द्यायचा होता आणि त्या दिवशी मंगळवार होता. एडिटिंगची खोली गुरुवार आणि शुक्रवारीच मिळाली होती. कॅमेरा बुधवारी सकाळी दुसऱ्या युनिटकडे जाणार होता. म्हणजे लग्नाचा सीन आज झाला तर झाला, नाहीतर आमची तारीख दुसऱ्या कुणाला जाणार आणि मी पुन्हा मावशी.

गोष्ट साधी होती. पाड्यावरची एक मुलगी बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. पहिल्या भागात तिचं लग्न लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती हळदीचेच हात घेऊन कामावर हजर होते. तिथे भाग संपतो. लग्न अगदी खरं दिसलं पाहिजे असा माझा हट्ट होता. मुंबईच्या स्टुडिओत पुठ्ठ्याची झोपडी उभारून केलेली खेडी बघून माझं डोकं उठायचं. म्हणून खरा पाडा, खरं घर, खरी भिंत. आणि खरी धवलेरी.

वारली लोकांत लग्न भटजी लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. आधी बायका घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चित्र काढतात असं म्हणत नाहीत, लिहितात असंच म्हणतात. चौक लिहिताना धवलेरी गाते आणि देवीला त्या चौकात बोलावून बसवते. मग लग्नाची गाणी गाऊन ती लग्न लावते. हे सगळं मी वाचून, विचारून घेतलं होतं. सोमीआजी पलीकडच्या पाड्यावर राहायची. तिला आणायचं काम मी आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला, गावडेला दिलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी तिच्या गाण्यावर चौक लिहून झाला होता. ते आम्ही चित्रित केलं नव्हतं, कारण कॅमेरा आलाच नव्हता. पण मी समोर बसून बघितलं होतं आणि मनातल्या मनात खूश झाले होते.

आता सकाळी झालं काय, ते ऐका. गाणं सुरू करायच्या आधी सोमीआजीने नवरीला नाव विचारलं. आमची नायिका कामात चोख. तिने पटकथेतलं नाव सांगितलं, पटकथेतल्या बापाचं नाव सांगितलं, पाडाही सांगितला. आजीने मान डोलावली. तेवढ्यात नायिकेचा खरा नवरा, जो तिला मुंबईहून गाडीने घेऊन आला होता, मांडवाच्या कडेला आला. शूटिंगसाठी उतरवलेलं तिचं मंगळसूत्र त्याने खिशातून वर काढून दाखवलं आणि ‘सांभाळून ठेवलंय’ अशी खूण केली. ती हसली.

आजीची नजर तीक्ष्ण. “ह्यो कोण?” तिने विचारलं.

“माझे मिस्टर,” नायिका म्हणाली. गडबडीत खरं बोलून गेली बिचारी.

आजीने मुंडावळ्या बांधलेल्या नटाकडे बघितलं. “मग ह्यो कोण?”

नट मुंडावळ्या सावरायला लागला. आणि तेव्हा ती म्हणाली, मी नाय गाणार.

मी गावडेला बाजूला घेतलं. “तू आजींना सांगितलं होतंस ना, हे टीव्हीसाठी आहे म्हणून?”

“ताई, मी त्यांना रीतसर तांदूळ, सुपारी आणि लुगडं देऊन बोलावलं,” तो म्हणाला. “जाणत्या माणसांना विचारून सगळा मान केला. म्हटलं, आमच्याकडे लग्न आहे, या.”

“पण खोटं लग्न आहे, हे?”

“कॅमेरे दिसतातच की. ते काय सांगायचं?”

इथेच चूक झाली होती. कॅमेरा दिसला म्हणजे सगळं खोटं आहे हे आम्हा लोकांना सांगावं लागत नाही. आजीचा हिशेब वेगळा होता. पालघरला बाजारात गेल्यावर तिने शहरी वराती बघितल्या होत्या, पुढे लाईट घेऊन चालणारे व्हिडिओवाले बघितले होते. तिला वाटलं, कुणा ऐपतदार माणसाचं लग्न आहे, फोटोवाले असणारच. गावडेने मान करण्यात जराही कसर ठेवली नव्हती, आणि त्या मानामुळेच आम्ही फसलो होतो. नुसतं ‘आजी, चला, शूटिंग आहे’ म्हणाला असता तर ती काल आलीच नसती आणि आम्ही दुसरा काही मार्ग काढला असता.

दिग्दर्शक प्रमोद माझ्याजवळ आला. तो पंचविशीचा, सिनेमाचं शिक्षण घेतलेला, हुशार आणि घाईचा. “ताई, सोपं आहे. आजींना नुसतं तोंड हलवू दे. गाणं आपण मुंबईत डबिंगला घेऊ.” डबिंग म्हणजे चित्रावर नंतर आवाज चढवणं.

“आणि त्या तोंडही हलवणार नसतील तर?”

“दुसऱ्या कुठल्या तरी आजीला बसवू.”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत वऱ्हाडातल्या बायका उठून पलीकडे आंब्याच्या सावलीत जाऊन बसल्या. मागोमाग पुरुष गेले. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. मांडवात आम्ही तेवढे मुंबईचे आणि बोईसरचे उरलो.

मी शांतपणे विचार वगैरे केला नाही. आधी मी चिडले. तरातरा आजीपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, “आजी, माझं कामच खोटं करायचं आहे. नाटकात मी कितीदा तरी लग्न केलं. रोज संध्याकाळी मेले आणि दुसऱ्या दिवशी उठून परत मेले. कुणाचं काही बिघडलं नाही.”

“ते तुझं काम, बाय,” आजी म्हणाली. आवाजात राग नव्हता. “माझं काम लगीन लावायचं हाय. मी गायले का लगीन लागतं. लागतंच. मग ही पोर त्या पोराची होईल, नि हिचा नवरा तिथं गाडीपाशी उभा हाय. त्याचं काय करू?”

मी गाडीकडे बघितलं. तो बिचारा मंगळसूत्र मुठीत धरून उभा होता.

“बरं,” मी म्हणाले. “मग तुम्हाला घरी सोडायला जीप देते.”

“जाता बी येत नाय. काल चौक लिवला. देवीला बोलावून बसवली. आता लगीन लावल्याबिगर उठले त ती ह्या घरात तशीच बसून राहील. आमी असं अर्धं सोडून जात नाय.”

आणि हे ऐकल्यावर माझा राग उतरला. खरंच उतरला. कारण हे मला कळत होतं. नाटकात तिसरी घंटा झाली की नट घरचा निरोप आला तरी प्रयोग पुरा करतो. माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या अंकात होते आणि तिसरा अंक करून मग मी सांगलीची गाडी पकडली होती. ही बाई गाणार नाही म्हणत होती आणि उठणारही नाही म्हणत होती, आणि दोन्ही एकाच कारणासाठी. तिला मी अडाणी हट्टी म्हातारी समजत होते. ती तर माझ्याच जातकुळीची निघाली.

मी विचारलं, “मग आता तुम्हाला काय लागेल ते सांगा.”

“नवरा लागंल, नवरी लागंल,” ती म्हणाली. “दुसरं काय लागतं लग्नाला?”

आंब्याखाली बायका हसल्या. त्या हसण्यातच घराच्या दारातून आवाज आला, “आमचं राहिलंय.”

बोलला तो रूपजी. ज्या घराच्या भिंतीवर चौक लिहिला होता त्या घराचा मालक. तीस-बत्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. पावसावरची थोडी शेती करायचा आणि भात कापून झालं की बायकोला घेऊन वीटभट्टीवर जायचा. बायको जानी त्याच्या मागे उभी होती. तिच्या पदराला धाकटी मुलगी धरून होती आणि थोरली दोघं आमच्या ट्रायपॉडभोवती घुटमळत होती.

वाचकांपैकी कुणाच्या भुवया वर गेल्या असतील तर सांगते. या भागात अशी पद्धत आहे. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान्य केलं, की ती एकत्र संसाराला लागतात. लग्नाचं जेवण घालायची ऐपत येईल तेव्हा लग्न. कधी पाच वर्षांनी, कधी दहा. मुलं आईबापांच्या लग्नात नाचतात. यात कुणाला काही लपवायचं नसतं. पण ते लग्न लागायचं राहिलं, की बाईच्या मनात राहून जातं.

“जेवण तर शिजतंच हाय,” आंब्याखालून एक म्हातारा म्हणाला. युनिटसाठी आणि गर्दीसाठी लावलेल्या भाताच्या मोठ्या पातेल्याकडे सगळ्या पाड्याने एकदम बघितलं. समुद्रकाठच्या मुरब्याहून आणलेल्या सुकटीचा वास केव्हाचा सुटला होता.

मी लगेच हो म्हणणार होते. पण जानी पुढे आली. “माझं लगीन होईल त माझंच होईल,” ती म्हणाली. “थांबा, परत करा, इकडं बघा, तिकडं बघा, असं मधे बोलायचं नाय.”

“नाही बोलणार.”

“नि टीवीवर दावायच्या आधी मला दावायचं. नको बोलले त नको.”

प्रमोदने माझा हात दाबला. निर्मात्याने असा शब्द कुणालाही द्यायचा नसतो, हे मलाही माहीत होतं. मी दिला.

आता प्रश्न माझ्या बाजूचे. नवरी जानी, तर नायिकेचं काय? मी रंगाच्या एका उपड्या डब्यावर बसून पाऊण तासात सीन नव्याने लिहिला. लग्न नायिकेचं नाही, तिच्या थोरल्या बहिणीचं. तीन मुलांची आई असलेल्या बहिणीचं. नायिका कारखान्यातून रजा काढून आली आहे, बहिणीला हळद लावते आहे, आणि दुसऱ्या दिवशी तेच हळदीचे हात घेऊन कामावर जाते. लिहून झाल्यावर वाचलं, तर पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. माझंच लेखन म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतेच आहे.

एवढ्यात आमचे प्रायोजक आले. प्रायोजक म्हणजे ज्याच्या जाहिराती मालिकेबरोबर लागतात तो. ठक्करशेठ, बोईसरच्या एमआयडीसीत धुण्याची पावडर करायचे. मनाने चांगले, पण आपला पुडा प्रत्येक सीनमध्ये दिसला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. लग्नाच्या मांडवातही त्यांनी दोन पुडे पाठवून दिले होते. त्यांना मी बदल सांगितला.

“बेन, हिरोईनचं लग्न नाय, तर पब्लिक कोणाचं लग्न बघेल?”

“तिच्या बहिणीचं.”

“पण बहिणीला तीन छोकरां हाय. आणि लग्न आता? फॅमिली लोक बघतात टीव्ही. मी माझ्या मदरला काय सांगू?”

“शेठ, तुमची पावडर कोण विकत घेतं? कॉलेजमधली हिरोईन घेते का तीन पोरांची आई घेते?”

शेठनी एकदा जानीकडे बघितलं, एकदा आपल्या पुड्यांकडे. मग म्हणाले, “ते तर बरोबर.” आणि खुर्ची मागवून आंब्याखाली बसले.

खरी परीक्षा पुढे होती. टीव्हीचं काम तुकड्यातुकड्यांनी चालतं. एक वाक्य घ्यायचं, थांबायचं, कॅमेरा हलवायचा, परत घ्यायचं. चुकलं तर रिटेक. आमच्याकडे कॅमेरा एकच, आणि जानीला शब्द दिलेला की मधे बोलणार नाही. लग्न एकदाच लागणार होतं. प्रमोदच्या कपाळावर घाम. “ताई, रिटेक नाही म्हणजे? एखादी गोष्ट सुटली तर?”

“सुटली तर सुटली,” मी म्हटलं. “पंधरा वर्षं मी रिटेकशिवाय काम केलंय.”

आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नाटक मी मागे ठेवून आलेले नाही. मी सोमीआजीजवळ बसले आणि विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत विचारून घेतला. नवरा कुठून येतो, नवरी कुठून, कोण कुठे उभं राहतं, तांदूळ कुणावर पडतात. काटक्या आणि खडे मांडून मी जमिनीवर नकाशा केला. नाटकात आम्ही याला हालचाली बसवणं म्हणतो. फरक एवढाच की इथे माणसांच्या हालचाली ठरलेल्या होत्या आणि मला बसवायच्या होत्या कॅमेऱ्याच्या. कॅमेरामनला मी तीन जागा दिल्या. दारापाशी, मांडवाच्या खांबापाशी, आणि चौकाच्या समोर खाली बसून. एका जागेवरून दुसरीकडे कधी सरकायचं ते मी पाठीवर हात ठेवून सांगणार होते, तोंडाने नाही.

एक अडचण राहिली. त्या कॅमेऱ्याची कॅसेट वीस मिनिटांची. ती बदलायला मिनिटभर तरी लागतं. गाणं तर थांबणार नाही.

“आजी, गाताना तुम्ही दम कुठं घेता?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे पहिल्यांदा कौतुकाने बघितलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा. “हळद उतरवायला पाणी आणतात ना, तवा,” ती म्हणाली. “बायका पाणी आणून ठेवीपर्यंत मी गप.”

“किती वेळ?”

“पाणी आणायला लागतो तेवढा.”

मी कॅमेरामनला सांगितलं, बायका हंडे घेऊन निघाल्या की कॅसेट बदलायची. अडीच मिनिटं मिळाली. आरामात.

लग्न लागलं. जेमतेम छत्तीस मिनिटं. त्या वेळात युनिटमधलं एक माणूस बोललं नाही. सोमीआजी गायला लागली तेव्हा आवाज म्हातारा, किंचित चिरका होता. पाच मिनिटांत तो चिरकेपणा गेला की मला ऐकू येईनासा झाला, कोण जाणे. रूपजी खाली मान घालून उभा. जानीची तिन्ही मुलं आईच्या अंगावर तांदूळ उडवत होती आणि हसत होती. आमची नायिका हळद लावताना खरंच रडली. तिच्या नवऱ्यानेही वऱ्हाडात उभं राहून तांदूळ टाकले, मंगळसूत्र खिशात ठेवून.

गाण्यात एका ठिकाणी धवलेरी दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावते. तिथे ‘नवरीची आय’ म्हणून जानीच्या आईचं नाव आलं. जानीने झटकन मान वर केली. कॅमेरामन नेमका चौकासमोर बसला होता. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, ते मी पंधरा वर्षांत एकाही नटीच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. माझ्याही नाही. मी कॅमेरामनच्या पाठीवरचा हात तसाच ठेवला. तो हलला नाही. पूर्ण चेहरा, जवळून, मिनिटभर.

जेवणं झाली. शेठही पंगतीला बसले. जानी भात वाढत माझ्यापर्यंत आली तेव्हा मी विचारलं, “जानी, तुला माहीत होतं ना, काल, की हे खोटं लग्न आहे? मग तुझ्या भिंतीवर चौक कसा लिहू दिलास?”

ती वाढत राहिली. “भिंत माझी हाय ना,” म्हणाली. आणि पुढे गेली.

त्या दिवशी त्या पाड्यात खरी प्रोड्यूसर कोण होती, याची मला आजही शंका आहे.

गुरुवार-शुक्रवारी आम्ही एडिटिंग केलं. शनिवारी गावडेने जानी, रूपजी आणि सोमीआजीला जीपने बोईसरला आमच्या क्वार्टरवर आणलं. प्रमोद आधीच येऊन बसला होता. माझ्या नवऱ्याने व्हीसीआर लावला. तिघंही सतरंजीवर बसली. खुर्च्या नको म्हणाली. पडद्यावर स्वतःला बघून रूपजी लाजून उठायलाच लागला होता. आजीने आपलं गाणं डोळे मिटून ऐकलं. एक शब्दही चुकलेला नाही याची खात्री करून घेतली असावी.

मग जानीचा तो चेहरा आला. जानी एकदम म्हणाली, “हे काढा.”

प्रमोद तटकन उठला. “ताई, हाच तर पायलट आहे. बाकी सगळं गेलं तरी चालेल, हा एक शॉट पाहिजे.” तो खोटं बोलत नव्हता. तो शॉट बघून एडिटिंगच्या खोलीत माणसं काम थांबवून आत डोकावली होती.

“का गं?” मी जानीला विचारलं.

“माझ्या आयचं हाय ते,” ती म्हणाली. “लोकांचं नाय.”

बस्स. एवढंच. तिने दुसऱ्यांदा सांगितलं नाही, विनवलंही नाही. मी शब्द दिला आहे हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. प्रमोद माझ्याकडे बघत होता. नवरा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला होता. मनात आलं, सोमवारी पायलट नापास झाला तर हाच शॉट मला आयुष्यभर दिसत राहील. ते ज्येष्ठ नट हसताना दिसले. हे सगळं मनात येऊन गेलं, नाही असं नाही.

मी म्हटलं, “काढते.”

रविवारी ओळखीने, हातापाया पडून एडिटिंगची खोली दोन तासांसाठी मिळवली आणि तो शॉट काढला. त्या जागी आंब्याखाली बसलेल्या बायकांचा शॉट टाकला. प्रमोद माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. पुढे त्याने माझ्याबरोबर चार मालिका केल्या, हेही सांगून टाकते.

त्यानंतर वीस वर्षं मी हा धंदा केला. सासू-सुनांच्या मालिका केल्या, डॉक्टरांच्या केल्या, एक पोलिसांचीही केली. कुणालाही कामाला बोलावताना ‘तुम्ही काय करता’ हे सगळेच विचारतात. ‘तुम्ही काय करत नाही’ हे मी आधी विचारते. गावडेलाही ते पाठ झालं होतं. बराच त्रास वाचतो.

तर त्या सोमवारी टीव्ही केंद्रात जे अधिकारी पायलट बघायला बसले, ते मोजकं बोलणारे गृहस्थ होते. अर्धा तास त्यांनी खुर्चीची पाठ सोडली नाही. संपल्यावर म्हणाले, “लग्न कुणी बसवलं?”

“धवलेरीने,” मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग टेप मागे नेऊन एक जागा पुन्हा बघितली. नेमकी तीच.

“इथे नवरीचा चेहरा हवा होता. आईचं नाव आल्यावर. कसा सुटला? घेतलाच नाही का?”

“घेतला होता.”

“मग कुठे आहे?”

“जिचा होता तिने परत मागितला,” मी म्हटलं. “देऊन टाकला.”

पेनचं टोपण काढायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी फाइल पुढे ओढली आणि तेरा भागांवर सही केली.